‘बाई, ते गाणं राजासाठी लिहिलंय ना?’ – सातवीच्या वर्गातलं एक प्रकरण

ऑगस्टचा पहिला आठवडा होता, परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं आणि सातवीच्या रांगेतला एक मुलगा ताठ उभा, हात बाजूला, नजर समोर, पण तोंड बंद. पीटीच्या सरांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम त्याच्याकडेच बघितलं, पुन्हा तेच. प्रतिज्ञा मात्र तो मोठ्यानं म्हणत होता आणि राज्यगीत तर रांगेत सगळ्यांत जोरात, म्हणजे घसा बसलेला वगैरे काही नव्हतं. सरांनी परिपाठ संपल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, राष्ट्रगीत येत नाही का. तो शांतपणे म्हणाला, “येतं सर, पण ते इंग्रजांच्या राजासाठी लिहिलंय, म्हणून मी म्हणत नाही.”

मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका आणि इतिहास पण मीच शिकवते, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत काय काय झालं ते सगळं इथं लिहून ठेवतेय. हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक इतिहासाच्या शिक्षकाला आणि कितीतरी आईबापांना मुलं विचारणारच आहेत आणि त्यावर घाईत दिलेलं उत्तर किती महागात पडतं ते मी बघितलंय.

घाईत उत्तर मीच दिलं होतं. त्याच दिवशी तिसऱ्या तासाला वर्गात गेले आणि म्हणलं, हे बघा, ती अफवा आहे, खोटं आहे, राष्ट्रगीत कुठल्याही राजासाठी लिहिलेलं नाही, पुस्तक काढा. तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला तोंड बंदच. मग मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात बोलावलं आणि नीट विचारलं तेव्हा कळलं की आजोबांना मोबाईलवर एक मेसेज आलेला, त्यांनी तो याला मोठ्यानं वाचून दाखवला, १९११ साली पंचम जॉर्ज आला होता, तेव्हा टागोरांनी त्याच्या स्वागताला हे गाणं लिहिलं, ‘अधिनायक’ म्हणजे तो राजा. आजोबा शिकलेले आहेत, पेपर वाचतात, नातवाला घेऊन किल्ले दाखवतात. आता त्या मुलाच्या जागी बसून बघा, एकीकडे आजोबा साल सांगतायत, राजाचं नाव सांगतायत, शब्दाचा अर्थ सांगतायत आणि दुसरीकडे बाई नुसतं म्हणतायत की खोटं आहे. त्यानं आजोबांवर विश्वास ठेवला यात त्याचं काय चुकलं? पुरावा त्यांच्याकडे होता, माझ्याकडे फक्त खुर्ची होती.

स्टाफरूममध्ये तोवर दोन बाजू पडल्या होत्या. काही जण म्हणत होते पालकांना बोलवा, लेखी घ्या, नाहीतर उद्या अख्खी रांग गप्प उभी राहील. हेडसर काळजीत होते कारण पंधरा ऑगस्ट तोंडावर. मी त्यांना केरळातलं प्रकरण सांगितलं. १९८५ मध्ये तिथं एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं होतं, कारण ती राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं. मामला सुप्रीम कोर्टात गेला आणि ऑगस्ट १९८६ मध्ये कोर्टानं सांगितलं की आदरानं उभं राहणं हाच सन्मान आहे, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, मुलांना परत शाळेत घ्या. ‘बिजो इमॅन्युएल’ म्हणून तो निकाल ओळखला जातो. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करणं हे संविधानाच्या कलम ५१ क मध्ये मूलभूत कर्तव्य म्हणून आहेच, ते १९७६ च्या दुरुस्तीनं आलं, आणि कोर्टानं त्याचाही विचार करूनच हे म्हटलंय. तेव्हा आमचा मुलगा ताठ उभा राहतोय तोवर त्यानं कुठलाच नियम मोडलेला नाही, लेखी कसलं घेताय.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दोन्हींतला फरक. केरळातल्या मुलांचं कारण श्रद्धेचं होतं, तिथं समजावण्यासारखं काही नव्हतं. आमच्या मुलाचं कारण इतिहासाचं होतं. त्याचं म्हणणं एका घटनेबद्दल होतं, आणि घटना तपासता येते. त्याला देशाबद्दल प्रेम नाही असं अजिबात नव्हतं, उलट प्रेम होतं म्हणूनच परक्या राजाची स्तुती तोंडातून काढायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. मी हेडसरांना म्हणलं, मला चार तासिका द्या आणि तोवर त्याला कुणी काही बोलू नका. ते तयार झाले. पीटीचे सर फारसे खूश नव्हते पण त्यांनी शब्द पाळला, याबद्दल मी त्यांची खरंच आभारी आहे.

पहिल्या तासिकेला मी कुठलीच माहिती दिली नाही. प्रत्येकाला एक कागद दिला, राष्ट्रगीत लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर तुम्हाला वाटतो तो अर्थ लिहा, चुकलं तरी चालेल. ते कागद घरी नेऊन वाचताना मला वाईट वाटलं, मुलांबद्दल नाही, आमच्याबद्दल. पहिलीपासून रोज म्हणतायत ही मुलं. कितीतरी जणांनी ‘उच्छल जलदी तरंग’ लिहिलं होतं आणि अर्थ दिला होता लाटा पटकन उसळतात. जलधि म्हणजे समुद्र हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही. ‘तव शुभ आशिष मागे’ मधलं ‘मागे’ हे बहुतेकांना पुढे-मागे मधलं मागे वाटत होतं, एकानं लिहिलं होतं की चांगले आशीर्वाद मागे राहिले. ‘मराठा’ म्हणजे मराठा समाज असं बऱ्याच जणांनी लिहिलं, तो तिथं प्रदेश म्हणून आलाय हे लक्षातच नाही. आणि ‘अधिनायक’ समोर जवळजवळ सगळ्यांची जागा कोरी. तीच कोरी जागा त्या मेसेजनं भरली होती. आपण सोडलेल्या रिकाम्या जागेत कुणीतरी काहीतरी भरणारच.

म्हणून दुसऱ्या दिवशी आधी शब्द घेतले. तव म्हणजे तुझं, मागे म्हणजे मागतात, गाहे म्हणजे गातात. कोण गातात? पंजाब, सिंध, गुजरात, विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा हे सगळे तुझ्या नावानं जागे होतात, तुझा आशीर्वाद मागतात, तुझी गाथा गातात. बंगाली असलं तरी शब्द बहुतेक संस्कृत आहेत, मराठी पोराला एकदा सोडवून दिलं की सगळं कळतं. एक मुलगी म्हणाली, म्हणजे हे नकाशा गातोय. मला इतकं आवडलं ते.

आणि मग अर्थातच प्रश्न उरला, ‘तुझं’ म्हणजे नक्की कुणाचं.

तिथं मी तारखांच्या चिठ्ठ्या वाटल्या, गटागटात. १२ डिसेंबर १९११, दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार, तिथंच जाहीर झालं की १९०५ मध्ये केलेली बंगालची फाळणी रद्द आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला. २७ डिसेंबर १९११, कलकत्त्याला काँग्रेसच्या अधिवेशनाचा दुसरा दिवस, तिथं ‘जन गण मन’ पहिल्यांदा गायलं गेलं. त्याच दिवशी त्याच मंडपात राजाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याच्या स्वागताचं वेगळं हिंदी गाणंही झालं. दुसऱ्या दिवशी कलकत्त्यातल्या काही इंग्रजी पेपरांनी छापलं की बादशहाच्या स्वागतासाठी खास रचलेलं टागोरांचं गाणं झालं. देशी लोकांच्या पेपरांनी मात्र दोन गाणी वेगवेगळी सांगितली होती, आधी बंगाली प्रार्थनागीत, मग ठराव, मग राजाच्या स्वागताचं गाणं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१२ मध्ये, ते गीत ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त छापून आलं.

चिठ्ठ्या क्रमानं लावल्यावर वर्गात जो काही गोंधळ सुरू झाला तो मला हवाच होता. पहिला प्रश्न, काँग्रेसनं राजाचे आभार का मानले, ते तर विरोधात होते ना. हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण मुलांच्या डोक्यात सगळा स्वातंत्र्यलढा एकाच रंगाचा असतो, पहिल्या दिवसापासून चले जाव. त्यांना सांगितलं की फाळणीविरुद्ध बंगाल सहा वर्षं झगडला होता, ती रद्द झाली, त्याचा आनंद होता, आणि १९११ ची काँग्रेस अजून पूर्ण स्वातंत्र्य मागत नव्हती, ती मागणी लाहोरला १९२९ मध्ये आली. एका मुलानं मागच्या वर्षीच्या गॅदरिंगची आठवण काढली, तेव्हा पेपरात बातमी आली त्यात नाटकवाल्यांची नावं नाचवाल्यांना लावली होती. अगदी बरोबर, म्हणलं, एका मंडपात दोन गाणी झाली आणि ऐकणाऱ्या बातमीदाराला बंगाली येत नसेल तर काय होईल?

पण आमच्या मुलाचं समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला, बाई, पेपर चुकला असेल, पण बरोबर पण असू शकतो ना. मला त्या क्षणी त्याचा खूप अभिमान वाटला. बरोबर पण असू शकतो, हे वाक्य सातवीतलं पोर बोलतं तेव्हा तुम्ही इतिहास शिकवताय असं समजावं.

तिसऱ्या तासिकेला मी त्यांना पूर्ण गीत दिलं, पाचही कडवी. आपण गातो ते फक्त पहिलं कडवं, हेच मुळात वर्गाला माहीत नव्हतं. पाठीमागं शब्दार्थ देऊन कागद वाटले आणि वर्गाचे दोन भाग केले, एका भागानं राजाच्या बाजूचे शब्द शोधायचे आणि दुसऱ्यानं राजाच्या विरुद्धचे. त्या मुलाला मी राजाच्या बाजूच्या गटात घातलं, मुद्दामच, त्याला त्याचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडायला मिळावं म्हणून.

आणि त्यानं मांडलं. दुसऱ्या कडव्यातलं ‘सिंहासन’ काढलं, आणि शेवटच्या कडव्यातली ओळ मोठ्यानं वाचली, ‘जय राजेश्वर भारतभाग्यविधाता’. “बघा बाई, राजेश्वर. सरळ लिहिलंय.” वर्ग शांत. खरं सांगते, कागद वाटण्याआधी मला क्षणभर वाटलं होतं की पाचवं कडवं द्यावं की नको. चार दिली असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ते त्याला पुढं कधीतरी सापडलंच असतं आणि मग बाईंनी लपवलं हेच त्याच्या लक्षात राहिलं असतं. म्हणून मी फळ्यावर ‘राजेश्वर’ लिहिलं आणि म्हणलं, हा तुमच्या गटाचा मुद्दा, जोरदार आहे.

दुसऱ्या गटानं तिसरं कडवं काढलं. ‘पतन-अभ्युदय-वन्धुर पन्था, युग युग धावित यात्री, हे चिरसारथि’. चढ-उतारांची वाट, युगानुयुगं चालणारे प्रवासी आणि त्यांचा कायमचा सारथी. राज्यावर बसून वर्ष-दीड वर्ष झालेला माणूस युगायुगांचा सारथी कसा, असं एकीनं विचारलं. सारथी तर कृष्ण असतो, दुसरा ओरडला. मग चौथं कडवं, देश घोर अंधारात पीडित, मूर्च्छित पडलाय आणि ‘दुःस्वप्ने आतंके रक्षा करिले अंके, स्नेहमयी तुमि माता’, वाईट स्वप्नात, भीतीत तू मांडीवर घेऊन जपलंस, तू प्रेमळ आई आहेस. आई! पंचम जॉर्ज आई कसा असेल, म्हणून अख्खा गट हसायला लागला.

राजाचा गट गप्प बसणार नव्हता. त्यांनी विचारलं, मग एकाच गाण्यात राजा पण आणि आई पण असं कोण असतं? मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात स्वतःहून दोनदा तरी बोलली असेल की नाही, उभी राहिली आणि म्हणाली, “विठोबा. माझी आजी वारीला जाते, ती माउली पण म्हणते आणि पंढरीचा राणा पण म्हणते.”

तेव्हापासून आजतागायत मी ते वाक्य किती जणांना सांगितलंय त्याला मोजदाद नाही. जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही पुस्तकात हा मुद्दा इतक्या सोप्या शब्दांत मला मिळाला नसता. देवाला राजा म्हणायचं आणि आई म्हणायचं, हे तर आपल्या घरातलं रोजचं बोलणं आहे, तीच भाषा टागोरांची, फक्त बंगालीतून आली म्हणून आपल्याला परकी वाटली.

त्यानंतर मी टागोरांचं स्वतःचं म्हणणं सांगितलं. १९३७ मध्ये पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केलं होतं की सरकारदरबारी वजन असलेल्या एका परिचितानं त्यांना राजाचं स्तुतिगीत लिहायला सांगितलं, त्याचा त्यांना संताप आला आणि त्यातून हे भाग्यविधात्याचं गीत आलं, युगायुगांचा सारथी पाचवा काय किंवा कुठलाच जॉर्ज असू शकत नाही. त्यावर राजाच्या गटातून लगेच आलं की ते सव्वीस वर्षांनी लिहिलंय, तेव्हा कुणीही असंच म्हणेल. हा आक्षेप पण फळ्यावर गेला. मग मी जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये त्यांनी ‘सर’ ही पदवी सोडली ते सांगितलं, तर आमचा मुलगा म्हणाला, म्हणजे आधी घेतली होती ना? हो, १९१५ मध्ये घेतली होती. त्यामुळे पदवी सोडण्यावरून १९११ बद्दल काही सिद्ध होत नाही, हे मी मान्य केलं आणि तो मुद्दा पुसून टाकला. पूर्वी मीच हा मुद्दा ठोस पुरावा म्हणून वर्गावर्गात सांगायचे. आता नाही सांगत.

शेवटी मी त्यांना निकाल नाही दिला, कागदावर लिहायला सांगितलं की तुम्हाला काय पटतं आणि कुठल्या शब्दावरून. बहुतेकांनी ‘माता’ आणि ‘सारथी’ लिहिलं. आमच्या मुलानं लिहिलं, ‘राजासाठी नाही असं जास्त वाटतं. राजेश्वरचं आजोबांना विचारणार.’ मला हे उत्तर पूर्ण मार्कांचं वाटलं.

आता झेंड्याचं. चौथी तासिका खरं तर मी राष्ट्रगीतासाठीच ठेवली होती पण मुलंच म्हणाली की मग झेंड्याचं पण असंच काहीतरी असेल. आहेच. मी सहा झेंड्यांची चित्रं साल न लिहिता दिली आणि क्रम लावायला सांगितलं. कलकत्त्याच्या पारसी बागान चौकातला १९०६ चा, मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला फडकावलेला, टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा १९१७ चा, १९२१ मध्ये बेजवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना दाखवला त्यातून तयार झालेला चरख्याचा, १९३१ चा आणि आताचा. झाडून सगळ्या गटांनी होमरूलचा झेंडा सगळ्यांत आधी लावला, कारण त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक आहे, इंग्रजांचा म्हणजे जुना. त्याच्याबरोबर टिळकांचं नाव आहे म्हणल्यावर मुलांचा विश्वास बसेना. पण लाहोरच्या १९२९ च्या मागणीचं ज्यांच्या लक्षात होतं त्यांना पटकन कळलं, तेव्हाची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्याची होती, झेंडा तेवढंच बोलत होता. मादाम कामांचा झेंडा आपल्या पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात जपून ठेवलाय हे सांगितल्यावर तर सहल तिथंच काढायची असं ठरूनच गेलं.

रंगांवर मी जरा जास्त थांबले. केशरी त्याग, पांढरा शांती, हिरवा समृद्धी, हे मुलांना पाढ्यासारखं पाठ असतं आणि त्यामुळेच ते कधी कुणी विचारून, भांडून ठरवलंय असं त्यांना वाटत नाही. १९२१ च्या झेंड्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा असा हिशोब होता. वर्गातल्या एका मुलीनं हळूच विचारलं, “म्हणजे हिरवा आमचा होता?” वर्गातली पोरं तिच्याकडं बघायला लागली. मी म्हणलं हो, दहा वर्षं तसं मानलं गेलं, पण मग शीख म्हणाले आमचा रंग कुठाय, इतरही लोक बोलायला लागले, आणि वाटणीचा हिशोब कधी संपणारच नाही हे लक्षात आलं, म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसनं ठरवलं की रंग कुठल्याच धर्माचे नाहीत, ते गुणांचे, केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत आताचा झेंडा स्वीकारला तेव्हा राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ आपलं मातीशी, झाडापानांशी असलेलं नातं असा सांगितला. त्या मुलीला मी म्हणलं, तुझा एक पट्टा गेला आणि तीन मिळाले. ती हसली, आणि तिच्याबरोबर बाकीच्यांना पण तीनच मिळाले हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण कुणी काही बोललं नाही.

चरख्याचं चक्र का झालं यासाठी मात्र मी काहीच सांगितलं नाही, करायला लावलं. पातळ कागदावर चरखा काढा, एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती, आणि खिडकीला लावून मागून बघा. उलटा दिसतो. नेहरूंनी त्या दिवशी संविधान सभेत हेच एक कारण दिलं होतं, झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, म्हणून चरख्याचं नुसतं चाक ठेवलं आणि ते सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्रासारखं, चोवीस आऱ्यांचं घेतलं. इतकं साधं कारण ऐकून पोरं खूश झाली, मोठ्या माणसांनी पण कागद उलटा करून बघितला असणार असं एकजण म्हणाला.

हौतात्म्याच्या गोष्टी मी सगळ्यात शेवटी ठेवल्या, हे माझं ठाम मत आहे आणि यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात. आधी बलिदान सांगितलं की मुलांचे प्रश्न बंद होतात, त्यांना वाटतं एवढं रक्त सांडलंय तिथं आपण शंका कशी विचारायची. आधी मोकळेपणानं विचारू द्या, मग सांगा. नागपूरला १९२३ मध्ये सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला बंदी होती, जमनालाल बजाज आणि मग वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली देशभरातून लोक येत राहिले, झेंडा घेऊन चालत राहिले, पकडले जात राहिले, तोच झेंडा सत्याग्रह. आणि नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२, पंधरा वर्षांचा, हातात तिरंगा, पोलिसांच्या गोळ्या. त्याच्याबरोबर आणखी चार जण गेले. सातवीतल्या मुलांना पंधरा म्हणजे शाळेतला दादा. वर्गात कुणी हललं नाही. मघाशी रंगांवरून हुज्जत घालणारी हीच मुलं होती, आणि हुज्जत घातल्यानं त्यांचा आदर तसूभरही कमी झालेला मला दिसला नाही.

पंधरा ऑगस्टला तो मुलगा गायला. फार मोठ्यानं नाही, पहिल्या ओळीला ओठ हलले, ‘मागे’ला त्यानं शेजारच्याकडं बघितलं, ‘जय हे’ला आवाज आला. मी त्याबद्दल त्याला काहीही बोलले नाही आणि पीटीच्या सरांनाही सांगितलं की शाबासकी देऊ नका, त्यानं आपल्यासाठी गायलेलं नाही. ते म्हणाले, नाही देत, पण मला तो पाच कडव्यांचा कागद द्या.

आजोबांचं सांगायचं राहिलं. ते आठवड्यानं स्वतःच शाळेत आले, रागावून नाही, पण नातू घरी रोज वाद घालतो म्हणाले. त्यांना मी तोच कागद दिला. त्यांनी चष्मा लावून बाकावर बसून पाचही कडवी वाचली आणि ‘राजेश्वर’वर बोट ठेवलं. नातू शेजारी उभा होता, त्यानं वरच्या कडव्यातल्या ‘माता’वर बोट ठेवलं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मी जरा अजून वाचतो. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण मेसेज पुढं पाठवणं थांबवलंय असं मुलगा सांगतो.

पहिल्या दिवशीचे अर्थ लिहिलेले कागद मी परत दिले, ज्याचं त्यानं दुरुस्त करायचं म्हणून. त्यातूनच नवीन प्रश्न आला, सिंध तर पाकिस्तानात आहे, मग आपण का म्हणतो. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं आणि ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान दिला, तेव्हा सिंध जाऊन अडीच वर्षं झाली होती, म्हणजे विसरून राहिलेला शब्द नाही तो. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात तो काढून टाकायची मागणी झाली होती, कोर्टानं ती फेटाळली. एवढं मी सांगितलं, पण एका मुलीनं हात वर केला, तिच्या आईची आई सिंधी आहे, लहानपणी कराचीहून बोटीनं आलेली. तिला वर्गात बोलावलंय. शुक्रवारी येतेय म्हणाली, तिला जिना चढायला त्रास होतो म्हणून वर्ग खाली हलवलाय.